शेंबी का फाटली : वंगण, पितळ आणि गोठा

जळगाव एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रेस शॉपचं हे प्रकरण. मालक अण्णा तांबट घराण्यातले. वडिलांच्या काळी घरी हातोडीवर हंडे-घागरी घडायच्या. स्टीलच्या भांड्यांनी तो धंदा बुडवला, तेव्हा अण्णांनी पॉवर प्रेस घेतली आणि बैलांच्या शिंगांना लावायच्या पितळी शेंब्या काढायला सुरुवात केली. ट्रॅक्टर गावोगाव आले, तरी कपाशीत कोळपं हाकायला बैल लागतोच, आणि श्रावण अमावास्येच्या पोळ्याला त्याच्या शिंगावर शेंबी नसली तर धन्यालाच चुकल्यासारखं वाटतं. चोपडा, अमळनेर, शिरपूर, शहादा इथले दुकानदार उन्हाळ्यातच माल सांगून ठेवतात.

मी डाय-पंच बनवतो, म्हणजे प्रेसचा पोलादी साचा (डाय) आणि त्यात पत्रा दाबणारा ठोकळा (पंच). या कारखान्याची हत्यारं माझ्याकडची असल्याने प्रकरण सुरुवातीपासून माझ्यासमोर घडलं. तक्रारी दोन होत्या आणि त्यांच्यात सुमारे वर्षाचं अंतर होतं. पहिली प्रेसवरची: पितळ डायमध्ये अडकतं, मालावर ओरखडे येतात. दुसरी शेतकऱ्याच्या गोठ्यातली: शेंबी शिंगावर बसल्या जागी उभी फाटते. पहिलीवरचा उपाय चांगलाच लागू पडला. दुसरीचं मूळ त्या यशात होतं, पण ते ओळखायला वेळ लागला, कारण सगळ्यांनी आळ घेतला तो वंगणावर.

शेंबी तयार कशी होते ते आधी सांगतो. ७०:३० पितळेचा, म्हणजे सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त असलेला पत्रा मुंबईच्या गुलालवाडीतून येतो. त्यातून गोल चकती काढायची. मग ड्रॉ, म्हणजे पंचाने ती डायमध्ये दाबून ओढणं. पहिल्या ड्रॉमध्ये तिची वाटी होते, दुसऱ्यात वाटी अरुंद आणि उंच होते, तिसऱ्यात तिला शिंगासारखा निमुळता आकार येतो. पहिल्या ड्रॉला चकतीच्या व्यासाच्या निम्म्यापर्यंत खाली येता येतं, पुढच्या प्रत्येक ड्रॉला बरंच कमी. दर ड्रॉला पितळ कडक होत जातं. म्हणून मध्ये ते भट्टीत फिकट लाल होईपर्यंत तापवून मऊ करतात, म्हणजे ॲनिलिंग. बंदुकीच्या काडतुसाचं पितळी कवच याच ७०:३० पितळेचं असतं आणि त्याचीही सुरुवात वाटीपासूनच होते. त्या मिश्रणाला जगभर काडतुसी पितळ म्हणतात ते याच कारणाने. आपल्या जिल्ह्यात वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना आहे, त्यामुळे इथल्या प्रेसवाल्यांना हे नातं ऐकून तरी माहीत असतं.

अण्णांच्या प्रेसवर वंगण म्हणून पूर्वीपासून एरंडेल होतं. एरंडेल वाईट वंगण नाही, धातूला घट्ट धरून राहतं. पण ते चिकट, आणि उघड्यावर राहिलं की आणखी चिवट होतं. धुतल्याशिवाय भट्टीत गेलं तर जळून पितळेवर काळे डाग पाडतं, ते पुढे ॲसिडमध्येही पूर्ण निघत नाहीत. धुण्याचा कंटाळा म्हणून पोरं तेल कमी लावायची. मग पितळेचे बारीक कण डायच्या ओठावर चढायचे. एकदा पितळ डायवर चढलं की पुढच्या प्रत्येक नगावर तीच रेघ. डाय माझ्याकडे पॉलिशला यायची, हिरा पेस्टने घासून मी परत द्यायचो, आठवड्याभरात पुन्हा तेच. त्यावर कुणी जास्त तेल ओतलं तर शेंबीच्या टोकाजवळ खळगे पडायचे. तेल दाबलं जात नाही. पंच आणि धातूच्या मध्ये ते कोंडलं की पत्र्यालाच आत-बाहेर ढकलतं. थोडक्यात तेल कमी पडलं तर ओरखडा, जास्त झालं तर खळगा. प्रेसवरच्या जुन्या कारागिराचं एकच म्हणणं असायचं, "कितलं बी तेल लावा भाऊ, पितय डायमाच अडकस."

गंधकाचं कटिंग ऑइल वापरून पाहा असा सल्ला एका तेलविक्रेत्याने दिला होता. तो मी मोडून काढला. लोखंडाला ते चालतं. पितळेवर गंधक काळा-तपकिरी डाग पाडतो, आणि शेंबीची सगळी किंमत तिच्या झळाळीत असते. गाडीचं जळकं ऑइल वापरणारे लोकही पाहिलेत, पण त्यावर बोलायलाच नको.

नवं वंगण आणलं अण्णांच्या भाच्याने. तो पॉलिटेक्निक शिकलेला. अमेरिकेत नेमबाज लोक झाडलेली पितळी कवचं गोळा करून घरी पुन्हा भरतात. झाडताना कवच फुगतं. ते पुन्हा मापात आणायला पोलादी डायमध्ये दाबावं लागतं, आणि वंगण नसेल तर ते डायमध्ये असं रुततं की ड्रिल मारून, आटे पाडून ओढून काढायची वेळ येते. त्यासाठी ते लोक लॅनोलिन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचं वंगण घरीच करतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा तो छंद इथे कुणाच्या कामाचा नाही. वंगणाची कृती मात्र कोणत्याही पितळेला लागू पडते. पोलादी डाय, पातळ पितळी नळकांडं आणि मधली पुसट फिल्म, दोन्हीकडे मामला एकच.

लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीवरचं मेण. मेंढीच्या त्वचेतल्या ग्रंथी ते सोडतात, पावसापाण्यात लोकर भिजू नये म्हणून. लोकर धुताना ते वेगळं काढतात. तेलातुपासारखं ते ग्लिसरिनवर बांधलेलं नसतं. ते मेणाच्या जातीचं असतं, धातूला चिकटून राहतं आणि दाबाखाली फिल्म सहज तुटू देत नाही. भाच्याला वाटलं, साक्री भागात ठेलारी मेंढपाळ आहेत, त्यांच्याकडची लोकर आणून घरीच काढू. पण मेरिनोसारख्या बारीक लोकरीत मेण भरपूर असतं, आपल्या दख्खनी मेंढीच्या जाड, केसाळ लोकरीत कमी. कढईभर लोकर उकळून हाती आला तो मळकट साबणी फेस. मग औषधी रसायनांच्या दुकानातून निर्जल लॅनोलिन घेतलं. इथे नीट विचारून घ्यावं लागतं. त्याच दुकानात पाणी मिसळलेलं लॅनोलिनही मिळतं, त्यात साधारण चौथा हिस्सा पाणी असतं आणि ते या कामाचं नाही.

अल्कोहोलच्या बाबतीतही तसंच. करोनाच्या काळातले सॅनिटायझरचे कॅन कारखान्यात पडून होते, पहिला घाणा त्यातच झाला. त्यात सत्तर टक्के अल्कोहोल, उरलेलं बहुतेक पाणी. लॅनोलिन विरघळलंच नाही, दुधाळ पाण्यात पिवळे गोळे तरंगत राहिले. नव्व्याण्णव टक्क्यांचं आयसोप्रोपिल घेतल्यावर काम झालं. लॅनोलिन एक भाग आणि अल्कोहोल दहा ते बारा भाग, मापाने. जड कामाला आठास एक. लॅनोलिनची बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण पातळ करायचं, अल्कोहोलची बाटली कोमट पाण्यात नुसती ऊबदार करायची, मग एकात एक ओतून हलवायचं आणि फवाऱ्याच्या बाटलीत भरायचं. इथे अल्कोहोलचं काम वाहकाचं. ते मेण सगळीकडे पातळ पसरवतं आणि स्वतः उडून जातं. म्हणून फवारल्यावर काही मिनिटं थांबायचं. ओलं असताना प्रेस मारली तर कोंडलेला द्रव आणि खळगे, एरंडेलाचंच दुखणं पुन्हा.

या कृतीतला धोका अण्णांच्या शेडमध्ये जरा जास्तच होता. आयसोप्रोपिलची वाफ साधारण बारा अंशांपुढे पेट घेऊ शकते. जळगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, म्हणजे उघडी बाटली सतत वाफ सोडत असते. ही वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकते. शेडच्या दुसऱ्या टोकाला ॲनिलिंगची गॅसभट्टी, तिचे बर्नर जमिनीपासून वीतभर उंच. मी अण्णांना सांगितलं, फवारणी बाहेर, ओट्यावर, वारा असेल तिथे करा, आणि भट्टी चालू असताना बाटली शेडमध्ये आणू नका. यावर थोडी कुरकुर झाली. पण भाच्याने एका थाळीत चमचाभर अल्कोहोल ओतून लांबून काडी दाखवली, मग कुणी काही बोललं नाही.

तापमानाचा आणखी एक त्रास. लॅनोलिन चाळीस अंशांच्या आसपास वितळतं. हिवाळ्यात सकाळी बाटलीच्या तळाशी ते गोठून बसायचं, हलवल्याशिवाय फवारा नुसता अल्कोहोल मारायचा. उन्हाळ्यात दुपारी उलट, फवारलेली फिल्म ओघळून वाटीच्या काठाशी जमायची. म्हणून एप्रिल-मेमध्ये ते फवारायचं काम सकाळीच उरकतात.

एक गोष्ट मला या कृतीत बदलावी लागली. तिकडचे लोक कवचं पिशवीत घालून घोळवतात, वंगण सगळीकडून लागतं. भाच्याने वाट्याही तशाच घोळवल्या. ड्रॉइंगमध्ये वंगण बाहेरून हवं, डायच्या बाजूला. आतून, पंचाच्या टोकाशी, थोडं घर्षण कामाचं असतं. ते पत्र्याला पंचाबरोबर धरून ठेवतं. आतूनही चोपडलं तर टोकाचा पत्रा सरकून पातळ होतो आणि तिथेच फाटतो. तेव्हा वाट्या फळीवर उपड्या मांडून फक्त वरून फवारायचं ठरलं. पंचाला हवेसाठी बारीक आरपार भोक होतं, ते घाणीने बुजलेलं निघालं, तेही मोकळं केलं.

निकाल पहिल्याच आठवड्यात दिसला. डाय महिनोन्महिने पॉलिशला आली नाही. ओरखडे जवळपास संपले. धुण्याचं कामही सोपं झालं, गरम पाणी आणि साबण पुरे. एरंडेलाने राठ झालेले पोरांचे हात मऊ पडले, त्याचीच चर्चा जास्त. एकाच्या मनगटावर मात्र पुरळ उठलं. काहींना लॅनोलिनची ॲलर्जी असते, त्याला हातमोजे दिले.

हीच सोय पुढे अंगाशी आली. घर्षण इतकं घटलं की दुसऱ्या ड्रॉनंतरची वाटी मऊ न करताच तिसऱ्या ड्रॉमध्ये उतरू लागली. आधी चुकून एक खेप तशी गेली, फाटली नाही. मग अण्णांनी हिशेब मांडला. मधलं ॲनिलिंग गाळलं की गॅस वाचतो, ॲसिडची धुलाई वाचते, दिवस वाचतो. शिवाय माल जास्त कडक आणि जास्त चकचकीत निघतो. दुकानदार खूश झाले. शेंबी ठणठणीत, बोटाने दाबली तरी दबत नाही. त्या हंगामाचा सगळा माल असाच गेला.

पोळा झाला आणि काही आठवड्यांनी पहिल्या शेंब्या परत आल्या. चीर काठापासून टोकाकडे सरळ उभी, सुरीने कापावी तशी. आजूबाजूला पत्रा ना पातळ झालेला, ना वाकलेला. शेतकऱ्याचं म्हणणं साधं होतं, बैलाने कुठे धडक दिली नाही, सकाळी गोठ्यात गेलो तर फाटलेली. काही दुकानांत न विकलेला मालही होता, त्यातला जवळपास सगळा धड होता. कारखान्यात निकाल लागून गेला होता: नवं रसायन पितळ खातंय, पुन्हा एरंडेल आणा.

हा निकाल मला पटला नाही, आणि कारण त्या दुकानांतल्या धड मालातच होतं. वंगण दोष करत असेल तर तो दुकानातल्या मालावरही दिसायला हवा. लॅनोलिन आणि आयसोप्रोपिल पितळेवर हल्ला करत नाहीत, आणि माल धुऊन गेला होता. फाटलेल्या आणि न फाटलेल्या शेंब्यांत फरक एकच, फाटलेल्या गोठ्यात होत्या.

कारखान्याच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. दारूगोळ्याच्या कारखान्यात त्यांनी प्रेस विभागात उमेदीची वर्षं घालवली. त्यांनी चीर पाहिली आणि विचारलं, गोठ्यात मुताची जागा कुठे आहे? मग त्यांनी लष्करी काडतुसाच्या तोंडाजवळ दिसणारी निळसर-तपकिरी झाक सांगितली. ती तोंड तापवल्याची, म्हणजे तिथला ताण उतरवल्याची खूण. ती पुसून टाकत नाहीत, म्हणजे तपासनिसाला दिसावं की तोंड तापवलंय.

या चिरेचा इतिहास हिंदुस्तानातलाच आहे. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं इथे पावसाळ्यात तबेल्यांत किंवा तबेल्यांजवळ साठवली की न झाडताच तडकायची. इंग्रजीत तिला 'सीझन क्रॅकिंग' म्हणतात. कारण नीट उलगडलं ते १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा, आणि ओढून बनवलेल्या पितळेत आत कोंडून राहिलेला ताण, ही तिन्ही एकत्र आली की चीर पडते. यातलं एक काढलं तरी पुरतं. पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त जस्त असलेल्या पितळेला हा धोका विशेष, आणि आपल्या पितळेत तीस.

आता गोठा पाहा. गोमूत्रातल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात. बंद, छप्पर खाली असलेल्या गोठ्यात भाद्रपदात सकाळी शिरलं की डोळे चुरचुरतात ते त्यानेच. हवा दमट, पितळेवर दंवाचा थर, त्यात अमोनिया विरघळलेला. आणि ताण? ड्रॉ केलेल्या नळकांड्याचा बाहेरचा पृष्ठभाग गोलाईच्या दिशेने ताणलेला राहतो, काठाजवळ सगळ्यात जास्त. पूर्वी मधलं ॲनिलिंग व्हायचं, त्यामुळे शेवटी एकाच ड्रॉचा ताण उरायचा. आता दोन-तीन ड्रॉंचा साठलेला होता. जी शेंबी कडक आणि ठणठणीत म्हणून दुकानदाराने उचलून धरली, तीच भरलेल्या धनुष्यासारखी होती.

अण्णांना हे ऐकून पटलं नाही. तेव्हा करून दाखवलं. नव्या मालातल्या एका शेंबीच्या काठाजवळून अरुंद कडं कापलं आणि करवतीने ते एका जागी चिरलं. कडं टचकन उघडलं, फट चांगली दिसण्याइतकी. दोन वर्षांपूर्वीची, एरंडेलाच्या काळातली एक शेंबी कपाटात होती. तिचं कडं उघडलं ते जेमतेम. दुसरी तपासणी झाकणाच्या मोठ्या बरणीत: तळाशी वाटीत थोडा लिकर अमोनिया, वर दोऱ्याने टांगलेल्या शेंब्या, रात्रभर. हे मोकळ्या हवेत आणि डोळ्यांना चष्मा लावूनच करायचं काम. सकाळी नव्या मालाला उभ्या चिरा होत्या, जुन्या शेंबीला नाही. वंगण न धुतलेली एक आणि पेट्रोलने स्वच्छ पुसलेली एक, दोन्ही मुद्दाम टांगल्या होत्या. दोन्ही सारख्याच फाटल्या. वंगणाचा प्रश्न तिथे मिटला.

यावर उपाय म्हणून अण्णांना जुनं मधलं ॲनिलिंग परत आणायचं होतं. माझा आग्रह दुसरा होता. मधे ॲनिलिंग केलं तरी शेवटच्या ड्रॉचा ताण राहतोच. तयार शेंबी २५० ते ३०० अंशांच्या दरम्यान सुमारे तासभर ठेवली तर कडकपणा फारसा न जाता ताण बराच उतरतो. यात गॅस लाल तापवण्यापेक्षा कमी लागतो. शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याची भट्टी भाड्याने घेऊ असं भाचा म्हणाला, पण ती दोनशेच्या आसपास चालते, पुरेशी नाही. गॅसभट्टीवर अंदाजाने २८० धरणं अशक्य. या तापमानाला पितळ लाल होत नाही, डोळ्याला काही कळत नाही. शेवटी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावलेली जुनी विजेची पेटीभट्टी आणली. एक अट कडक ठेवली: भट्टीत जाण्याआधी लॅनोलिन पूर्ण धुतलेलं हवं, नाहीतर त्याचाही डाग पडतो.

तापवल्यावर झळाळी जाते, हा दुकानदारांचा आक्षेप राहिला. पुन्हा हलकं ॲसिड, पुन्हा बफिंग, म्हणजे वाचवलेल्या कष्टातले काही परत खर्ची पडले. घरी चमकवायला कोणती पॉलिश चालेल असं एका दुकानदाराने विचारलं. पितळेच्या काही पॉलिशमध्ये अमोनियाच असतो, तेव्हा चिंच किंवा लिंबू आणि राख, मग भरपूर पाणी, असं सांगितलं.

एक गोष्ट मात्र कारखान्याच्या हातात नाही. शेंबी घट्ट बसावी म्हणून काही जण ती निमुळत्या शिंगावर ठोकून बसवतात. पाचरीसारखं शिंग आतून तिला ताणत राहतं, म्हणजे कारखान्याने उतरवलेला ताण गोठ्यात पुन्हा चढतो. शिरपूरच्या एका दुकानदाराकडून पुढच्या हंगामातही दोन-तीन शेंब्या परत आल्या, त्या सगळ्या अशा ठोकलेल्या, काठ आतून घासलेला. आता अण्णा प्रत्येक मापात थोडी सैल शेंबी काढतात आणि काठाला खिळ्यासाठी भोक पाडून देतात. लहान मापांना मधलं ॲनिलिंग अजूनही नाही, शेवटची पेटीभट्टी पुरते. खिल्लार बैलांच्या लांब शिंगांची मोठ्या मापाची शेंबी मात्र तिसऱ्या ड्रॉला ॲनिलिंगशिवाय टोकाशी फाटते, लॅनोलिन असो वा नसो, म्हणून तिथे जुनी पद्धत चालू आहे.